सूचना : २९ ऑगस्टचा हॉकी सामना

नमस्कार मंडळी,

मेजर ध्यानचंद यांच्या जयंतीला, म्हणजे २९ ऑगस्टला, नागपूर विद्यापीठाचे आजी आणि माजी हॉकी खेळाडू आपसात सामना खेळणार आहेत. व्हीएचए (विदर्भ हॉकी असोसिएशन) मैदान, सकाळी ७ वाजता. सगळ्यांनी ६.३० ला पोहोचावे. १५ मिनिटांची ४ सत्रे आहेत, उशीर झाला की उकाड्यात मुलांचेच हाल होतात.

• खेळणाऱ्यांनी २५ तारखेपर्यंत गटावर नाव द्यावे. गोलकीपरने तर आजच.

• शिनगार्ड आणि माऊथगार्डशिवाय कोणालाही मैदानात उतरता येणार नाही, मग तो कितीही सीनियर असो. पेनल्टी कॉर्नर अडवणाऱ्यांना फेसमास्क लागेलच.

• घरी पडून असलेल्या धड स्टिक नक्की आणा. भंडारा-गोंदियाकडून आलेली, वसतिगृहात राहणारी काही मुले उसन्या स्टिकवर सराव करतात. फार जिद्दीची पोरं आहेत, त्यांच्या हातात स्वतःची स्टिक पाहायची आहे.

रिमझिम असली तरी खेळू. विजा चमकल्या तर सामना थांबेल.

नंतर तर्री-पोहे आहेत. वर्गणी १०० रुपये, विद्यार्थ्यांकडून काहीही घ्यायचे नाही.