नोराचं गाव सापडलं

एनिस, काउंटी क्लेअर, आयर्लंड
भाद्रपद शुद्ध दशमी

ति. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी इथे खुशाल आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण गेल्या रविवारी फोनवर आईचा सूर ऐकून तिला माझं काही खरं वाटत नाहीये हे कळलं. आई, खोकला गेलाय. वजनही कमी झालेलं नाही, फोटोत तसं दिसतं. ज्वारीचं पीठ लिमरिकच्या दुकानात मिळतं, भाकऱ्या सुरू आहेत. ड्यूटीचं तेच ते, तुम्हाला पाठ आहे.

बाबा, तुम्ही विचारलंत की सुट्टीच्या दिवशी झोप सोडून परक्यांच्या पूर्वजांच्या मागे कशाला लागलीस, आणि चर्चच्या कागदांत तुझं काय काम. तेव्हा मी तुटक बोलले. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून सगळं नीट सांगते. मला कुणी चर्चमध्ये नेलेलं नाही, कुणी काही शिकवत नाही. घरमालकीण आजी तर माझ्या संकष्टीला स्वतः बटाटे उकडून ठेवतात.

उन्हाळ्यात त्या वरची खोली पाहुण्यांना देतात. जूनमध्ये बॉस्टनहून एक काका आले, पंच्याहत्तरी उलटलेले. आयर्लंडला त्यांची ही तिसरी खेप. त्यांची पणजी, नोरा, क्लेअरमधून एकटीच अमेरिकेला गेली होती. पण क्लेअरमधलं नेमकं गाव कुठलं, ते घरात कुणालाच ठाऊक नाही. तिकडच्या कागदांवर जन्मस्थान म्हणून नुसतं 'आयर्लंड' लिहिलेलं. आपल्याकडे कुणी नुसतं 'हिंदुस्थान' लिहावं आणि पणतवंडांनी त्यावरून वाई शोधावी, तसंच की हे!

आणि शोधायला कागद तरी कुठे उरलेत? १९२२ साली इथल्या यादवी युद्धात डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला, शेकडो वर्षांचे कागद गेले. १८२१ पासूनच्या जनगणनांची मोजकीच पानं वाचली. नंतरच्या काही जनगणना तर सरकारनेच नष्ट केल्या. सगळ्यांच्या जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली ती १८६४ पासून. त्याआधीच्या गरीब माणसाचं नाव कुठे असेल तर जमीनदाराच्या खंडाच्या हिशेबात, नाहीतर पाद्र्याच्या वहीत. कॅथलिक चर्चच्या वह्या डब्लिनला न जाता ज्या त्या गावातच राहिल्या, म्हणून वाचल्या. त्यांच्या मायक्रोफिल्म काढून ठेवलेल्या होत्या. २०१५ मध्ये इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्या सगळ्या फुकट बघायला खुल्या केल्या, साडेतीन लाखांहून जास्त पानं. मात्र तिथे नाव टाकून शोधायची सोय नाही. एकेक पान डोळ्यांनी वाचायचं.

काकांचे डोळे थकलेले, हात थरथरणारे. पहिल्या रात्री मी चहा द्यायला गेले आणि दीड वाजेपर्यंत तिथेच बसले. पान म्हणजे काळ्यावर करडं, शाई पसरलेली, कडेला ओल लागलेली, अक्षर मुंगीच्या पायांचं. त्यात भाषा लॅटिन. बाबा, शाळेत माझ्या संस्कृतच्या क्लासचे पैसे भरताना तुम्ही कुरकुरला होतात. ते पैसे आता वसूल झाले! लॅटिनमध्ये नावांना आपल्यासारखीच विभक्ती लागते. रमाचं रमाम् होतं, तसं होनोराचं होनोराम. जेम्सला लॅटिनमध्ये जेकोबस म्हणतात आणि त्याची षष्ठी जेकोबी. काकांनी यादीत अशी किती पानं 'जेकबची मुलगी, आपली नव्हे' म्हणून खोडून टाकलेली होती, कारण बॉस्टनच्या लग्नाच्या नोंदीत नोराचा बाप जेम्स. आणि नोरा हे नाव तर वहीत सापडणारच नव्हतं. नोरा हे घरातलं, कागदावर होनोरा.

खोडलेली पानं पुन्हा काढली. १८४६ च्या पानावर दोन होनोरा निघाल्या, आडनावही एकच, दोघींचे बाप जेम्स. काका म्हणाले, संपलं. पण इथल्या पाद्र्यांची एक रीत फार चांगली. मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद करताना आईचं माहेरचं आडनाव लिहायचं. बॉस्टनच्या लग्नाच्या कागदावर नोराच्या आईचं माहेरचं आडनाव होतं, आणि ते दुसऱ्या होनोराच्या ओळीत जसंच्या तसं. शेजारी टाउनलँडचं नावही. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीपेक्षाही लहान तुकडा. आई, आपल्या वंशावळीत तुझं माहेर कुठेच नाही. आजीचं तर नावसुद्धा नाही.

पुढची पानं मी काकांना मुद्दाम दाखवली नाहीत, पण त्यांनी स्वतःच उलटली. १८४५ ला बटाट्यावर रोग पडला आणि १८४७ च्या पानांवर नावं विरळ होत जातात. मेले त्यांची नोंद बहुतेक गावांत ठेवलेलीच नाही. नुसती जन्मणाऱ्यांची ओळ तुटत गेलेली दिसते. क्लेअरची लोकसंख्या १८४१ मध्ये २ लाख ८६ हजार होती, दहा वर्षांनी २ लाख १२ हजार. आज तर सव्वा लाखाच्या जरा वर आहे. इथे गाडीने जाताना ओसाड दगडी भिंती दिसतात, त्या कसल्या ते मला आता कळलं.

आजींनी गाडी काढली आणि आम्ही त्या टाउनलँडला गेलो. १८५० च्या सुमाराची सरकारी मोजणी आहे, तिच्या नकाशावर नोराच्या बापाचा तुकडा सापडला. आता तिथे गाई चरतात. घराच्या एका कोपऱ्याचे गुडघाभर दगड उरलेत. काकांनी टोपी काढून ते पावलांनी मोजलं, लांबी सात पावलं, रुंदी चार. मग मला म्हणाले, ती ओळ मोठ्याने वाच. मी वाचली. ते काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही.

आता इथली एक गोष्ट सांगते, जी पहिलं वर्षभर मला उमगलीच नाही. इथे सकाळी रेडिओवर बातम्यांसारख्या मयतांच्या बातम्या वाचतात. कोण गेलं, कुठल्या गावचं, माहेरचं आडनाव काय, घरी भेटायला किती ते किती यायचं. सगळं घर चमचा खाली ठेवून ऐकतं. मग ओळख असो नसो, लोक जातात. मयत दिवाणखान्यातच ठेवलेलं असतं, चांगले कपडे घालून. लोक रांगेने येऊन घरच्यांशी हात मिळवतात, 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हणतात, आणि मग त्याच घरात बसून चहा-सँडविच खातात! आपल्याकडे चूल पेटत नाही आणि इथे किटली थंड होऊ देत नाहीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा घास उतरला नाही. आजींनी कानात सांगितलं, खा, नाही खाल्लंस तर त्यांना वाईट वाटेल. रात्रभर गोष्टी सांगतात, हसतातसुद्धा, कारण माणसाला एकटं ठेवायचं नाही. याला वेक म्हणतात. महिन्याने पुन्हा त्याच्या नावाने प्रार्थना असते, आपल्या मासिकासारखी.

हे एवढं लांबवून लिहिलं, कारण त्या दगडांपाशी आजींनी सांगितलं की अमेरिकेला निघालेल्या पोरीचाही आदल्या रात्री वेक करत. अमेरिकन वेकच म्हणत त्याला. ती जिवंत, धडधाकट, सगळ्यांमध्ये नाचतेय, आणि आई पहाटेपर्यंत रडतेय, कारण पुन्हा दिसणार नाही हे दोघींना ठाऊक. मग तिकडून पत्र यायचं, पत्रात पैसे, आणि धाकट्या बहिणीचं तिकीट.

मी घरून निघाले तेव्हा आपल्या आजीने हातावर दही घातलं आणि आबा फाटकापर्यंतसुद्धा आले नाहीत, ओट्यावरच बसून राहिले. आता विमान आहे, फोन आहे, माझं नोरासारखं काही नाही. तरीही आबा गेले तेव्हा मी फोनच्या पडद्यावरच होते. कुणी तरी फोन आडवा धरला होता आणि मला नुसते पाय दिसत होते. तुम्ही कुणी मला बोल लावला नाहीत. लावला असता तर बरं वाटलं असतं.

बरं, कामाचं.

चाळीस हजार जास्त पाठवलेत. सोसायटीचा हप्ता आधी भरा, उरतील ते आजीच्या मोतीबिंदूला. पुढच्या वर्षी बघू म्हणू नका. पैशांची मला ओढ नाही, काका बळेच देत होते तेही मी घेतले नाहीत.

कार्तिकात आबांच्या वर्षश्राद्धाला रजा मिळेलसं दिसत नाही. पुन्हा अर्ज केलाय. धाकटीच्या लग्नाला मात्र पंधरा दिवस येणार म्हणजे येणार, हळदीच्या आधी.

साताऱ्याच्या स्थळाचं आई सारखं विचारतेय. मुलगा चांगला आहे, मी बोलले त्याच्याशी. पण नोकरी सोडून ये म्हणत असतील तर नाही म्हणा, आणि ते आत्ताच सांगा, साखरपुड्याच्या बैठकीत नको. माझ्यामुळे धाकटीचं अडलं असं कुणी म्हणत असेल तर ते मला कळवा, लपवू नका.

आणि बाबा, वर्षश्राद्धानंतर नाशिकला जाणार आहात ना? मी सातवीत असताना आबा मला घेऊन गेले होते. उपाध्यांनी गाव-आडनाव ऐकून बासनातली वही काढली होती आणि आबांनी त्यांच्या आजोबांची मोडीतली सही वाचून दाखवली होती. आबांचं लिहाल तेव्हा खाली आमची दोघी बहिणींची नावं घाला. आईचं आणि आजीचंही, माहेरच्या आडनावासकट. मी कुठे आहे तेही लिहायला सांगा, नुसतं 'परदेशी' नको. एनिस, काउंटी क्लेअर.

आजीला साष्टांग नमस्कार. धाकटीला आशीर्वाद.

तुमची
सुप्रिया

ता. क. : आई, गोडा मसाला संपत आलाय. कुरियरने पाठवू नकोस, फार पैसे घेतात. मी येईन तेव्हा नेईन.