लॅपटॉप नाही घेतला, बाबा

पुणे,
रविवार, ११ जानेवारी २०२६

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

पत्र कशाला, फोन होता की, असं आई म्हणणार. पण फोनवर मी असलं काही बोलायला लागले की बाबा "बरं बरं, तुला योग्य वाटेल ते कर" म्हणतात, फोन आईच्या हातात देतात आणि मग दोन दिवस गप्प. त्यापेक्षा कागद बरा. शिवाय घरात एक रिटायर्ड पोस्टमास्तर असताना वर्षातून एक तरी पत्र यायला हवं.

तर आधी सांगूनच टाकते. लॅपटॉप घेतला नाही, टॅब घेतला. अकरा इंची. पैसे भरून झालेत. शनिवारी पमाताईचे यजमान चिपळूणला येतायत, त्यांच्याबरोबर पाठवते. पत्र त्याआधी पोचावं म्हणून स्पीड पोस्टाने टाकतेय. रजिस्टर टाकणार होते, पण गेल्या वर्षी रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं हे तुम्हीच मला तीनदा ऐकवलंयत, तिसऱ्यांदा तर घरातलं माणूस गेल्यासारख्या आवाजात.

बाबा, दिवाळीत निघताना तुम्ही माझ्या पर्समध्ये सरकवलेलं ते कात्रण मी टाकलेलं नाही. लाल बॉलपेनने किमतीभोवती गोल केलेलं, २६,९९०. ते घेऊनच टिळक रस्त्यावरच्या दुकानात गेले. जाहिरातीतला तोच लॅपटॉप काढायला लावला. चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी स्टोरेज. चौसष्टातली निम्म्याच्या आसपास जागा विंडोजच खातं, आणि अपडेट येत राहतात तसं ते अजून फुगतं. चालू करून वर्डची एक फाईल उघडायला सांगितली. ती उघडेपर्यंत दुकानातल्या पोराने मला चहा विचारला, आणला आणि माझा पिऊनही झाला. तोच म्हणाला, "मॅडम, आठ जीबी रॅम आणि एसएसडीवालं बघा, हे सहा महिन्यांत रडवेल." त्या दुकानात तसला पस्तीस हजारांच्या पुढे होता. पस्तीसही दिले असते हो, पैशासाठी हात आखडला असं मनात आणू नका. कंपन्यांनी वापरून काढलेले जुने लॅपटॉपही बघितले. वीस-बावीस हजारांत चांगले दणकट मिळतात, पण बॅटरी किती उरलीय ते विकणाराही छातीठोकपणे सांगत नाही.

दादा मस्कतहून म्हणत होता, आयपॅड घे, पैसे मी देतो. ३४,९०० आणि कीबोर्ड वेगळा. मी नको म्हटलं. आईने चार वर्षं घासून घासून अँड्रॉइड शिकलंय, मागे जायचं बटण कुठे, वरून पडदा कसा ओढायचा. आता तिला पुन्हा बालवाडीत कशाला बसवायचं? दादाला म्हटलं, तुला द्यायचेच आहेत तर फाल्गुनात आईच्या दुसऱ्या डोळ्याचं बिल भर. तो कबूल झालाय. (त्याला फोनवर आठवण करू नका, मी करते.)

आता बाबा, एक गोष्ट लिहू का? रागावू नका. भाऊबीजेच्या सकाळी तुम्ही कॉम्प्युटरवर बसला होतात आणि मी दारात चहा घेऊन उभी होते. तुम्ही माऊसवर दोनदा टिचकी मारत होतात आणि दोन टिचक्यांच्या मधल्या वेळात बाण सरकत होता. फाईल उघडायच्या ऐवजी उचलली जायची आणि शेजारच्या फोल्डरात जाऊन पडायची. तुम्ही ती शोधून आणायचात, पुन्हा तेच. मी चार वेळा बघितलं आणि मग मुद्दाम कपबशीचा आवाज करत आत आले. मागे तुमची 'शाखा तिसरी' नावाची फाईल हरवली म्हणून तुम्ही आईला बोललात ना, ती वीजबिलांच्या फोल्डरात होती. आईने हात लावलेला नव्हता.

डॉक्टर म्हणाले आहेत की वयाने हात थोडा थरथरतोच, काळजीचं नाही. मग काळजी करायची नाही. पण लॅपटॉपचं ते माऊसऐवजी बोट घासायचं चौकोनी पॅड त्या हाताला माऊसपेक्षाही जाचक. टॅबला एकदाच बोट टेकवायचं. बोट जरा रेंगाळलं तरी त्याने गैरसमज करून घेऊ नये, अशी सेटिंगही मी करून ठेवलीय. अक्षर मोठं केलंय, चित्रं मोठी केलीयत, आणि पहिल्या पानावर फक्त सहा गोष्टी ठेवल्यात. सातवी हवी असेल तर मला विचारायचं.

आणि कुळवृत्तांताचं काय, हा प्रश्न तुमच्या ओठांवर असणार. तिथे टॅब तुमच्या कामाचा नाही, हे मी आधीच कबूल करते. तुमची बोटं रेमिंग्टनची. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरपासून त्या कळा जिथे आहेत तिथेच असायला हव्यात. काचेवर ते होणार नाही. फाईल टॅबवर उघडून बघितली, तर आपल्या आडनावाच्या जागी कंस, डॉलर आणि टोपी घातलेली इंग्रजी अक्षरं. जुन्या फॉन्टमध्ये मजकूर आतून इंग्रजीच असतो, वर फक्त मराठीचा मुखवटा. तो फॉन्ट जिथे नाही तिथे मुखवटा गळून पडतो. मी घाबरलेच, म्हटलं एकवीस वर्षांचं काम गेलं की काय!

गेलेलं नाही. माझ्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं तसं तुमच्या पेनड्राइव्हमधल्या फाईलची इथे पीडीएफ करून घेतली. त्यात फॉन्ट फाईलच्या पोटातच जातो. आता टॅबवर दोनशे चौदा पानं जशीच्या तशी दिसतात, रफारासकट. आई, पान १३१ उघड आणि दोन बोटांनी मोठं कर. तुझं माहेरचं नाव, आजोबांचं गाव, तुझी सातवीची स्कॉलरशिप, सगळं बाबांनी लिहिलंय. तुला कधी दाखवलं नसेलच.

म्हणून असं करायचं. जुना कॉम्प्युटर टाकायचा नाही. विंडोज १० ची नेहमीची डागडुजी मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबरला थांबवली आणि आपलं मशीन विंडोज ११ घेत नाही. पण तो नुसता टायपिंगला वापरला तर बिघडतं काय? त्याची इंटरनेटची वायर काढायची. तो तुमचा टाइपरायटर. बँक नाही, मेल नाही, काही नाही. लिहायचं तिथे, बाकी सगळं टॅबवर. मी आले की पेनड्राइव्हवर उतरवून घेत जाईन.

वायर काढायला सांगितली म्हणजे त्या श्रावणातल्या फोनमुळे, असं तुम्ही म्हणाल. त्या दिवसाबद्दल पुन्हा बोलणार नाही असं मी कबूल केलंय, आणि बोलतही नाहीये. लॅपटॉप त्यामुळे घेतला नाही असं मुळीच नाही.

बरं, थोडंसं त्यामुळेही.

पण तुमची चूक म्हणून नाही. "आज रात्री वीज तोडणार" म्हटल्यावर आईची वाफेची मशीन डोळ्यापुढे आली असेल, दुसरं काय. आमच्या ऑफिसात आयटीचं शिकलेला मुलगा याच सापळ्यात सापडला आणि त्याचे तर तुमच्या नऊ हजारांच्या कितीतरी पट गेले. मला फक्त तो बाण आपोआप फिरतानाचा क्षण विसरता येत नाही, जो मी बघितलासुद्धा नाही. आई, तू मेन स्विच पाडलास ते तुला कोणी सांगितलं होतं गं?

टॅबवरही कोणी तसलं, लांबून आपलं यंत्र चालवणारं ॲप घालायला लावू शकतं, तो काही कवचकुंडलं घालून आलेला नाही. म्हणून मुद्दाम सिमवाला घेतला नाही, वायफायवाला घेतला. ओटीपी येणार तो फोनवर. बँकेचं ॲप फोनवरच राहील, टॅबवर घालायचं नाही, कोणीही सांगितलं तरी. पैसे फोनवर आणि गप्पा टॅबवर, असं सोवळं-ओवळं पाळायचं. आणि पुन्हा कधी काही झालंच, तर माझ्यापासून लपवायच्या आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावायचा. नंबर फ्रिजवर चिकटवलाय तो आईने दुधाच्या हिशेबाखाली झाकू नये.

आई, आता तुझ्यासाठी. व्हॉट्सॲप टॅबवर जोडून देते. शनिवारी संध्याकाळी फोन हातात घेऊन बस, मी सांगेन तशी चौकटी फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरायची, झालं. मग आपण बोलताना मला तुझं कपाळ आणि पंखा न दिसता तू दिसशील. फोन चहापत्तीच्या डब्याला टेकवून हरिपाठ ऐकतेस ना, तसा हा पोह्यांच्या डब्याला टेकव. जड नाही, अर्ध्या किलोच्या आतबाहेर आहे. कव्हरला मागे पाय आहे, तो उघडला की आपला आपण उभा राहतो. ओल्या हाताने काच ऐकत नाही, मग बिघडला म्हणून मला फोन करशील. पदराला हात पूस आणि मग लाव. आणि ड्रॉप घातल्यावर अर्धा तास बघायचं नाही. झोपून तर अजिबात नाही, नाकावर पडेल.

बाबा, नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याला तुमचे अंगठे उठले नाहीत आणि त्या मुलीने तुम्हाला तीनदा हात धुऊन यायला लावलं, ते आईकडून कळलं. आयुष्यभर शिक्के मारून झिजलेली बोटं ती. यंदा त्या यंत्राच्या नादी लागायचं नाही. जीवन प्रमाणचं ॲप चेहरा बघून दाखला करतं. चष्मा काढून कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि सांगितलं की डोळे मिचकवायचे. ते मी दिवाळीला आले की समोर बसून करू. डोळे मिचकवताना तुम्ही हसणार नाही असं आत्ताच कबूल करा.

आणि वजनाचं जे म्हटलं, ते नुसतं आईच्या सोयीसाठी नाही. २२ जुलै २०२१ च्या पहाटे तुम्ही काय केलंत ते मी विसरले नाहीये. वाशिष्ठीच्या पुराचं पाणी अंगणात, आणि तुम्ही आधी सीपीयू घेऊन माळ्याची शिडी चढताय, मग तांदळाचं पिंप. कुळवृत्तांत वाचला हे खरं. पण तेव्हा तुम्ही अडुसष्ट होतात. वाचन मंदिरातली भिजलेली पुस्तकं बघून आलात त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात, म्हणून तेव्हा बोलले नाही. आता सगळ्या पानांची एक प्रत माझ्याकडे आहे, एक दादाकडे. पुन्हा पाणी चढलं तर टॅब आईच्या पिशवीत आणि तुम्ही दोघं खेंडीत आत्याकडे. सीपीयू जाईना का वाहून. शिडी चढायची नाही. हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीये.

टॅबवर मजकूर लिहायला एक जाड टोकाचं पेन टाकलंय. कीबोर्डच्या जागी कोरी पाटी येते, तिच्यावर हाताने लिहिलं की तो छापील अक्षर करून देतो. मराठीत. मी माझ्या अक्षरात लिहिलं तर त्याने 'चिपळूण'चं 'चिवडा' केलं. मग तुमच्यासारखं लिहून बघितलं. आठवतं ना, शाळा सुटली की मी पोस्टात यायचे आणि काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसून स्पंजवर तिकिटं ओली करायचे? चाटायची नाहीत, असा तुमचा नियम. एकदा मी पत्त्यावर ४१५६०५ मधला शून्य उघडा ठेवला तर तुम्ही म्हणालात, शून्याचं तोंड उघडं राहिलं की पत्र त्यातून खाली पडतं. मी कितीतरी वर्षं ते खरं मानत होते. तर तसं, एकेक अक्षर सुटं, तोंडं मिटवून लिहिलं आणि यंत्राने बिनचूक वाचलं. तुमचं अक्षर त्याला पहिल्या दिवसापासून लागणार आहे.

आता थोडक्यात दटावते. रात्रभर चार्जिंगला लावून झोपायचं नाही. चार्जर त्याचाच वापरायचा, फोनचा जुना काळा नाही, त्याची वायर उघडी पडलीय आणि बाबा त्याला चिकटपट्टी लावून वाचवतायत हे मला माहीत आहे. कुलुपाचा आकडा सहा अंकी ठेवलाय, फोनवर सांगेन. कव्हरच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवायचा नाही. शेजारच्या चिरंजीवांना गेम खेळायला द्यायचा नाही, चॉकलेट द्या हवं तर. आणि तुम्हाला महिनाभर वापरून खरंच नाही आवडला, तर तसं सांगा. 'छान आहे' म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवू नका, ते मिक्सरचं केलंत तसं. मग मी पस्तीसचा लॅपटॉप घेऊन येईन, शब्द.

बाबांची बीपीची गोळी संपत आली असेल, पंधरा तारखेच्या आत आणा. तिळगूळ पार्सलमध्येच घातलेत, आईइतके मऊ झालेले नाहीत, दाताने फोडू नका.

तुमची,
मनी

ता. क. पार्सल बाबांनाच उघडू दे गं आई. सुतळी कापलेली त्यांना खपत नाही, गाठ सोडवूनच घेतात. म्हणून गाठ मुद्दाम सैल मारलीय, पण त्यांना सांगू नकोस.