तिसाला भोवरे सुटत नाहीत

प्रिय मित्रा,

पत्र लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. तब्येत ठीक. पाठ दुखते, पण ती होस्टेलवरही दुखायचीच. आता मुद्द्याचं.

परवा मी रेनॉल्ड्स 30 ला, म्हणजे इतक्या संथ, चिकट प्रवाहात की जिथं ते सुटूच नयेत, भोवरे सुटताना पाहिले.

हे घरी सांगितलं तर कुणी मान वर केली नाही. कामावर सांगितलं तर "वा, भारीच!" म्हणाले. राहिलास तू.

आपला जुना वैरी, प्रवाहात आडवा ठेवलेला दंडगोल. न्यूरल नेटवर्कला आम्ही त्याच्या मागचा प्रवाह शिकवतोय. 80 ते 180 रेनॉल्ड्समधले सॉल्व्हरचे, म्हणजे प्रवाहाची समीकरणं सोडवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमचे, निकाल दाखवायचे. आत्ताचा वेग आणि दाब दिला की पुढच्या क्षणाचा त्यानं सांगायचा, आणि ते उत्तर पुन्हा त्यालाच द्यायचं, की त्याच्या पुढचा. 180 च्या वर का गेलो नाही ते तू ओळखलंसच: 190 च्या आसपास प्रवाह तिसऱ्या मितीत फुटायला लागतो आणि आमचा सगळा डेटा द्विमित. काम मात्र सुरेख झालंय, उगाच नावं ठेवत नाही. सॉल्व्हर ज्याला तासन् तास घेतो ते हे सेकंदांत देतं. 100 ला स्ट्रूहाल, म्हणजे भोवरे सुटण्याच्या लयीचा आकडा, 0.165 च्या जवळ, हवा तसा.

सगळे गेल्यावर मी गंमत म्हणून 30 घातला. वाटलं, काहीतरी कचरा येईल आणि हसून घरी जाऊ. सुरुवातीला सरळ, शांत प्रवाह दिला होता. थोडा वेळ काही नाही. मग मागची शेपूट जराशी वर झुकली, मग खाली, आणि बघता बघता एक वरून, एक खालून, अशी भोवऱ्यांची, कार्मानची अख्खी रांग चालू लागली. इतकी देखणी, की पुस्तकात छापावी. 47 च्या खाली शेपूट हलत नाही, दोन भोवरे मागे जोडीनं चिकटून बसतात, हे तुला मी काय सांगणार? तुझी तीन वर्षं त्या 47 पायी गेली. स्ट्रूहाल काढला तर 0.15 च्या आसपास, म्हणजे 80 ला असतो तेवढाच. नीट पाहिलं तर कारण साधंच आहे. आत पाठवताना आम्ही 80 चा शून्य आणि 180 चा एक करतो, तेव्हा 30 झाला उणे अर्धा. हलत नसलेली शेपूट त्यानं जन्मात पाहिलेली नाही. उणे अर्ध्याचं काय करायचं ते न कळून त्यानं जवळचं, ओळखीचं ते दिलं.

आता तू म्हणशील, रेंजबाहेर घातलंस, भोग. बरोबर आहे. रेंजबाहेर ते चुकणार हे आमच्याकडे नवशिक्यालाही माहीत असतं. माझी झोप उडाली ती ते किती नीटनेटकं चुकलं याने.

आपलं सॉल्व्हर कसं चुकायचं आठव. कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी यांनी 1928 मध्येच बजावून ठेवलेलं की टाइम स्टेप जाळीच्या मानानं फार मोठा घेतलात तर मराल. आपण घ्यायचो आणि मरायचो. सकाळी येऊन बघावं तर स्क्रीनभर नॅन, नॅन, नॅन, म्हणजे 'हा आकडाच नव्हे'. लंबू तर नॅनला नावानं हाक मारायचा. मास्तर म्हणायचे, नॅन आला म्हणजे निदान तुम्ही चुकलात हे तरी कळलं, पोटभर जेवा. तेव्हा मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या त्यांना.

नेटवर्क ओरडत नाही. आधी ओरडायचं, आमचंही सुरुवातीला दोनशे पावलांनंतर फुटायचं. मग आम्ही शिकवताना इनपुटमध्ये मुद्दाम थोडा नॉइज मिसळला, म्हणजे स्वतःच्याच बारीक चुकांवरून घसरत न जाता ते सावरायला शिकतं. शिकलं. आता कुठंही फेका, ते ओळखीच्या प्रवाहाकडे परत येतं. टाळ्या वाजवल्या आम्ही. ओरडण्याची सोय आपणच काढून टाकतोय, हे त्या खोलीत कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आमच्याकडे एक मुलगी आहे, तुझ्या-माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. ती म्हणाली, "सर, लॉसमध्ये समीकरणच घालू या ना." म्हणजे 2019 चा रईसी, पर्डिकारिस आणि कार्नियाडाकिस यांचा मार्ग. मी म्हटलं, घाल. पण लॉस म्हणजे शिकतानाच्या चुकांचा हिशेब; त्यात समीकरण मोडलं तर नेटवर्कला दंड पडतो, एवढंच. परवडला तर ते दंड भरतं आणि मोडतं. शिवाय चुआंग आणि बार्बा यांचा 2022 चा लेख बघ. त्यांनी डेटा न देता, नुसत्या समीकरणावर, याच दंडगोलाला 200 वर चालवलं, तर भोवरे सुटलेच नाहीत! स्थिर, सममित प्रवाहही नेव्हिए-स्टोक्सला, म्हणजे प्रवाहाच्या त्या समीकरणांना, चालतोच. तो टिकत नाही, ही गोष्ट वेगळी, आणि ती लॉसला दिसत नाही. म्हणजे नुसता डेटा खाल्लेलं नेटवर्क नसलेले भोवरे सोडतं आणि नुसतं समीकरण खाल्लेलं असलेले गिळतं. त्याच लेखात टेलर-ग्रीन भोवऱ्याचा, म्हणजे नेमकं उत्तर आधीच माहीत असलेल्या प्रवाहाचा, हिशेबही आहे: 16 गुणिले 16 च्या जाळीवर साधी, जुनी फायनाइट डिफरन्स पद्धत 20 सेकंदांच्या आत जे देते, तेवढ्या अचूकतेला त्यांच्या नेटवर्कला सुमारे 32 तास लागले. वाचून मोठ्यानं हसलो, मग हसू थांबलं, कारण त्या मुलीचा चेहरा पडला होता.

रईसींच्या त्या लेखातही 100 चा दंडगोल आहे आणि त्यांनी तुझं स्ट्रीम फंक्शनच वापरलंय, एकाच फलनातून वेग काढायचा, म्हणजे डायव्हर्जन्स आपोआप शून्य, प्रवाह मधेच कुठं जन्मत नाही की हरवत नाही. हे वाचून तू खुर्चीत किती फुगला असशील ते मला इथून दिसतंय. फूग. त्यावरच्या आपल्या जुन्या भांडणात मी अजून हरलेलो नाही. तीन मितींत ने ते तुझं स्ट्रीम फंक्शन, मग बोलू. आणि डायव्हर्जन्स शून्य ठेवूनही 30 ला खोटे भोवरे खुशाल सोडता येतात.

साहेब हवामानाचं उदाहरण देतात. ग्राफकास्ट या नेटवर्कनं 1979 ते 2017 चा डेटा शिकून दहा दिवसांचा अंदाज मिनिटाच्या आत दिला. युरोपीय हवामान केंद्रानं 2025 मध्ये स्वतःचं तसलं मॉडेल रोजच्या कामात घेतलं. खरंय, आणि मला त्याचं कौतुकही आहे. पण तिथं दहा दिवसांनी खरं हवामान समोर उभं राहतं आणि चूक उघडी पडते. आमचं उत्तर घेऊन उद्या कुणी भोवऱ्यांनी हलणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याची कंपनं काढायला बसला, तर त्याला कोण अडवणार? उत्तर नीट दिसतंय म्हणून तर तो ते वापरणार.

रेंजबाहेरचा आकडा आला की उत्तरच द्यायचं नाही, एवढं कुलूप लावलंय. पण आकडा रेंजमध्ये आणि आकार भलताच, एकाऐवजी दोन दंडगोल, मग? म्हणून प्रत्येक उत्तर नेव्हिए-स्टोक्समध्ये घालून किती शिल्लक उरते ते बघतोय. 30 ला ती दंडगोलाच्या दोन्ही खांद्यांवर ठळक दिसते. अडचण अशी, की 100 ला, जिथं उत्तर बरोबर आहे, तिथंही थोडी दिसतेच. रेषा कुठं ओढायची? तीच ठरत नाही. खाली ओढली तर दर वेळी जुनं सॉल्व्हर बोलवावं लागतं, मग नेटवर्क कशाला. वर ओढली तर परवाचे भोवरे सहीसलामत सुटतात.

तेव्हा काम असं आहे. तुझ्या प्रबंधातले 40 ते 60 मधले रन्स अजून असतील. तू बसचं तिकीटही फेकत नाहीस. 47 च्या अगदी आजूबाजूचे तर हवेतच, जिथं शेपूट हलायला युगं लागायची आणि तू चिडून कीबोर्ड आपटायचास. माझी शिल्लक त्यांच्यावर लावून बघतो. फाइल्सची नावं अंतिम, अंतिम दोन, खरंच अंतिम अशी असली तरी चालतील, लावेन मी.

बदली झाली असं लंबूकडून कळलं. तू स्वतः का सांगितलं नाहीस, ते भेटल्यावर विचारीन. धाकटीचे दात आले का? वहिनींना नमस्कार, आणि त्यांचं ते ऑपरेशन व्यवस्थित झालं ना, तेवढं लगेच कळव. बाकी रन्सबरोबर लिही, पण रन्स आधी पाठव.

तुझाच,
पाठदुख्या