मुडप मिटवण्याआधी दार टांगून पाहा

फोंडा, गोवा
१५ डिसेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

इकडची खुशाली वहिनींकडून तुला कळली असेलच, म्हणून थेट तुझ्या प्रश्नालाच हात घालतो. गाडीची गंजलेली दारे सबंध बदलावीत की त्यांचा बाहेरचा पत्राच बदलावा, असे तू विचारले आहेस. आतला सांगाडा धड असेल तर पत्राच बदल, असे माझे मत आहे. आणि नव्या पत्र्याची मुडप, म्हणजे सांगाड्याच्या काठावर दुमडायची त्याची कड, दार गाडीला टांगून पाहिल्याखेरीज मिटवू नकोस. ही दुसरी गोष्ट मला एक अख्खा पत्रा वाया घालवून कळली आहे.

आमची फियाट ११०० तू पाहिली आहेस. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली १९६८ सालची ही गाडी बाबा पणजी शहरात नोकरीला असताना कित्येक वर्षे मिरामारच्या खाऱ्या वाऱ्यात उभी होती आणि नंतर फोंड्याला आमच्या फणसाखाली. पावसाचे पाणी काचेच्या रबराशेजारून दारात उतरतेच. ते तळाच्या भोकांवाटे निघून जावे अशीच दाराची रचना असते. आमच्या दारांत मात्र तांबडी धूळ आणि पाल्याचा चुरा साचून ती भोके बुजली होती. त्यातही खरा घात होतो तो मुडपीत, कारण बाहेरचा पत्रा जिथे सांगाड्याच्या काठावर दुमडलेला असतो, त्या फटीत ओढले गेलेले पाणी लवकर सुकत नाही आणि मीठ असले तर हवेतला ओलावाही तिथेच धरून ठेवते. म्हणून गंज बाहेरून दिसतो तेव्हा आतून खाऊन झालेले असते.

काही वर्षांपूर्वी एका गॅरेजने ही दारे 'नव्यासारखी' करून दिली होती. मी रुमालात गुंडाळलेला लोहचुंबक दारावरून फिरवला, तर खालच्या वीतभर भागात तो कुठेच चिकटेना. टोच्याने उकरल्यावर बोटभर जाडीची लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, निघाली, आणि तिच्यामागे पत्र्याऐवजी वर्तमानपत्राचा बोळा! लांबी पाणी शोषते, त्यामुळे तिच्याआड गंजाला मोकळे रानच मिळाले होते. आमच्या मेस्त्रींनी आत डोकावून एवढेच म्हटले, ''पात्रांव (मालक), हें दार न्हय, चाळण!''

मुंबईच्या भंगारातून जुनी दारे मागवून पाहिली, पण तीही समुद्रकाठचीच, आणि तळाशी तितकीच खाल्लेली. शेवटी डाव्या दाराचा जो भाग शाबूत होता त्यावरून पुठ्ठ्याचे साचे काढले, ते उलटे करून उजव्यासाठी वापरले आणि २० गेजच्या, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीच्या सीआर (थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्यातून दोन्ही पत्रे घडवून घेतले.

जुना पत्रा काढण्याचे काम दिसते तितके अवघड नाही. काच, काचेची मशीन, हँडल आणि आतली गादी काढून झाल्यावर दाराच्या काठावरून ग्राइंडर फिरवायचा, तोही पत्र्याच्या तोंडावर नव्हे तर दुमडीच्या अगदी धारेवर. थोड्याच वेळात त्या धारेवर केसाएवढी काळी रेघ उमटते. दोन पत्रे तिथे वेगळे झाले असे समजावे आणि हात लगेच उचलावा. मग स्पॉट वेल्डिंगचे ठिपके ड्रिलने कापले की पत्रा फणसाच्या सालीसारखा उचलून येतो, आणि मागे राहिलेली दुमडीची पट्टी पक्कडीने ओढून काढता येते. सांगाड्याचा तळ आम्ही नव्या पत्र्याने जोडला. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणातल्या) वेल्डिंगचे छोटे छोटे टाके एकमेकांपासून लांब घेतले आणि मधे निवायला वेळ दिला, नाहीतर पत्रा तापून लहरतो.

आता माझी चूक ऐक. पहिला पत्रा मी टेबलावर ठेवून, काठ ठोकून, मुडप पूर्ण मिटवली, आणि काम इतके सुबक दिसले की घरात सर्वांना बोलावून दाखवले. दार गाडीला लावले तेव्हा त्याचा मागचा खालचा कोपरा चांगला अर्धा पेर बाहेर! पत्रा काढलेला सांगाडा मऊ असतो, त्याला टेबलावर नकळत पीळ पडतो, आणि मुडप मिटली की तो पीळ तसाच कायमचा बसतो. दाराला ताठपणा देतो तो हाच पत्रा, हे तेव्हा माझ्या ध्यानात नव्हते. तो पत्रा पुन्हा कापून फेकला.

दुसऱ्या वेळी सांगाडा बिजागऱ्यांवर टांगला, काठ काटकोनात वळवलेला पत्रा त्यावर चढवून क्लँपने धरला, दार बंद करून चहूबाजूंची फट चार-पाच मिलिमीटरची एकसारखी येईपर्यंत सरकवले आणि मगच चार टाके मारले. त्याआधी दोन्ही पत्र्यांच्या आतल्या काठांना जस्ताचा प्रायमर दिला होता. त्यानंतर दार उतरवून, खाली चामडे गुंडाळलेली डॉली, म्हणजे पत्र्यामागे टेकू म्हणून धरायचा लोखंडी ठोकळा, धरून, काठ आधी अर्धा आणि दुसऱ्या फेरीत सपाट असा थोडा थोडा मिटवत गेलो. एकाच जागी शेवटपर्यंत ठोकले तर पुढचा काठ सुरकुततो.

मुडपीला सीलर लावताना तळाच्या भोकांत काड्या खोवून ठेव. आमच्या मेस्त्रींनी उत्साहाच्या भरात ती बुजवलीच होती. रंग झाल्यावर आतून मेणाचा फवारा मारला आणि काचेवर तांब्याने पाणी ओतून पाहिले. ते तळातून धार धरून अंगणात पडले तेव्हा बाबा खुर्चीतून उठून आले आणि आणखी एक तांब्या त्यांनी स्वतः ओतला.

मागची दोन दारे अजून तशीच आहेत, ती होळीनंतर उघडायची आहेत. तेव्हा चार दिवस काढून ये; राधानगरीवरून फोंडाघाट उतरून पायथ्याच्या फोंडा गावातून आलास तर एका फोंड्याहून दुसऱ्या फोंड्याला आलो असे घरी सांगता येईल. येताना कोल्हापूरच्या उद्यमनगरातून २० गेजचा एक सीआर पत्रा आणि तुझी ती जुनी वाकडी डॉली आठवणीने आण.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच