मुक्कामाच्या रकान्यात काय लिहू? : अफगाण निर्वासितांसाठी केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय गृहमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी पुण्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. वरच्या मजल्यावरची खोली मी विद्यार्थिनींना भाड्याने देते आणि सध्या तिथे काबूलहून शिकायला आलेली एक मुलगी राहते. परदेशी भाडेकरू आला की २४ तासांच्या आत घरमालकाला सी-फॉर्म भरावा लागतो, त्यामुळे तिची कागदपत्रे मी तिच्याइतकीच ओळखते. मुदत संपलेला पासपोर्ट, व्हिसावाढीच्या अर्जाची पावती, कॉलेजचे बोनाफाईड, हे सारे ती एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवते आणि भाजी आणायला जातानाही तो फोल्डर बरोबर नेते.

ती भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर इथे आली. शिक्षण संपवून परत जायचे, नोकरी करायची, असे ठरले होते. २०२१च्या ऑगस्टमध्ये तालिबानने काबूल घेतले आणि २० डिसेंबर २०२२ रोजी अफगाणिस्तानातील विद्यापीठांचे दरवाजे मुलींना बंद झाले. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही आणि प्रवेश नसेल तर व्हिसा टिकत नाही, म्हणून ती आता दुसरी पदव्युत्तर पदवी करते आहे. ही शिक्षणाची हौस नव्हे, हे तिने मला स्वयंपाकघरात कणीक मळता मळता अगदी साध्या आवाजात सांगितले.

दिल्लीत लाजपत नगर आणि भोगल भागात राहणाऱ्या कुटुंबांची अडचण याहून जुनी आहे. २०२१ साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाकडे नोंदलेल्या अफगाणांची भारतातील संख्या सुमारे १५ हजार होती, परंतु आपण १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. परकीय नागरिकांविषयीच्या १९४६च्या कायद्याची जागा २०२५च्या नव्या कायद्याने घेतली, तरी ताजमहाल पाहायला आलेला पर्यटक आणि जीव वाचवायला आलेला माणूस या दोघांत मूलभूत फरक करणारी व्याख्या त्यातही आलेली नाही. आपल्याच मंत्रालयाच्या २०११च्या कार्यपद्धतीनुसार अशा व्यक्तींना दीर्घ मुदतीचा व्हिसा देता येतो आणि त्यावर खासगी नोकरीही करता येते, पण ती सूचना आहे, हक्क नव्हे. देणे न देणे प्रशासनाच्या मर्जीवर राहते. शिवाय ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी कोणीच भारतीय नसेल, तर ते मूल जन्माने भारतीय ठरत नाही. दिल्लीत जन्मलेले, दिल्लीच्याच शाळेत हिंदी कविता पाठ करणारे मूल त्यामुळे कधीही न पाहिलेल्या देशाचे नागरिक ठरते.

२०१९च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने अफगाणिस्तानातील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांना वाट करून दिली, मात्र ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच. काबूलमधील गुरुद्वाऱ्यावर मार्च २०२० मध्ये हल्ला झाला, त्यानंतर जे शीख आले ते या मुदतीबाहेर राहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलहून आलेल्या गुरु ग्रंथ साहिबच्या प्रतींचे दिल्ली विमानतळावर केंद्रीय मंत्र्यांनी स्वागत केले, ते योग्यच झाले. पण तेव्हा आलेल्या माणसांना त्या कायद्याचा लाभ नाही. सप्टेंबर २०२५च्या आदेशाने २०२४ अखेरपर्यंत आलेल्या या समाजांना कागदपत्रे नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट मिळाली, एवढेच. अफगाणिस्तानातील अल्पसंख्याक हजारा समाजाचे मुस्लिम, पत्रकार, माझ्या वरच्या खोलीतली मुलगी, यांच्यासाठी तेवढेही नाही.

सुरक्षेचा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच नोंदणी हवी असे मी म्हणते. ज्याचे बोटांचे ठसे, पत्ता आणि नोकरीचे ठिकाण सरकारदरबारी नोंदलेले आहे, त्याच्यावर लक्ष ठेवणे सोपे, की जो दर महिन्याला खोली बदलतो त्याच्यावर? दार उघडले की लोंढे येतील, अशी भीती असेल तर प्रवेशाची अंतिम तारीख ठरवावी; २०१९च्या कायद्यात तसे केलेच आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासित ज्या लष्करी छावणीत उतरले तिचे उल्हासनगर झाले, आणि तिथले पत्ते आजही कॅम्प नंबरने सांगतात. त्या वेळची परिस्थिती वेगळी होती, हे मला कळते. पण गोंदिया जिल्ह्यातील नॉर्ग्येलिंग वसाहतीत तिबेटी कुटुंबे १९७०च्या दशकापासून राहत आहेत. ती तर परदेशीच होती, आणि त्यांच्यासाठी आपण नोंदणीची व पुनर्वसनाची व्यवस्था उभी केली.

म्हणून माझी विनंती अशी की, ठरलेल्या तारखेपूर्वी भारतात आलेल्या अफगाण नागरिकांना, धर्म न पाहता आणि पोलीस पडताळणी करून, कायमस्वरूपी वास्तव्याचा दर्जा देणारे विधेयक सरकारने संसदेत आणावे. त्यात नोकरी, बँक खाते आणि प्रवासाची कागदपत्रे यांचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहावा आणि काही वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करण्याची मुभा ठेवावी. महाराष्ट्रातील सर्व ४८ लोकसभा खासदारांनीही हा प्रश्न सभागृहात मांडावा, अशी त्यांना या पत्राद्वारे विनंती करते.

पुढच्या महिन्यात तिचा व्हिसा पुन्हा संपतो आहे. सी-फॉर्ममध्ये भारतातील मुक्कामाच्या कालावधीचा एक रकाना असतो. "मावशी, तिथे काय लिहायचं?" असे तिने परवा विचारले, आणि अजून मी तो रकाना कोराच ठेवला आहे.

आपली नम्र,
एक घरमालकीण, पुणे