सर, ती लढत तुम्ही थांबवलीत

आदरणीय सर,

सादर प्रणाम.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, त्याला कारण आहे. त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये मी तुम्हाला जे बोललो, ते चारचौघांत बोललो होतो. नंतरही भेटेल त्याला सांगत सुटलो, की माझ्या कोचनेच माझी कारकीर्द संपवली. मग आभार तेवढे गुपचूप मानायचे, हे मनाला पटेना.

कागदावर माझी कारकीर्द दोन ओळींची आहे. बॉक्सिंगच्या मिडलवेट गटात 21 व्यावसायिक लढती, 16 विजय, 4 पराभव, 1 बरोबरी. त्यातला चौथा पराभव मी तुमच्या नावावर मांडून ठेवला होता. 10 फेऱ्यांची लढत, 7 झालेल्या, मी पॉइंटवर पुढे. आठवीची घंटा व्हायच्या आत तुम्ही रिंगच्या कडेवर चढलात आणि रेफ्रीला हाक मारलीत. हार मानल्याची खूण म्हणून कोच रिंगमध्ये टॉवेल फेकतात, तो तुम्ही फेकला नाहीत. फेकलेला टॉवेल बऱ्याच ठिकाणी ग्राह्य धरला जात नाही, म्हणून दोराला धरून उभे राहिलात आणि रेफ्री येईपर्यंत हलला नाहीत. मला एवढंच कळत होतं, की फक्त नऊ मिनिटं उरली होती आणि ती तुम्ही माझ्याकडून काढून घेतलीत.

ते रेकॉर्डिंग मी 6 वर्षं पाहिलं नव्हतं. गेल्या महिन्यात पाहिलं.

सातव्या फेरीआधीचं ते एक मिनिट. मी स्टुलावर बसलोय. डाव्या डोळ्याखालची सूज दबावी म्हणून तुमचा मदतनीस बर्फात ठेवलेला लोखंडी तुकडा दाबून धरतोय. तुम्ही माझ्यासमोर गुडघ्यावर. तुम्ही सांगता, "जॅब." म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा. मी मान हलवतो. तुम्ही पुन्हा सांगता, मी पुन्हा मान हलवतो. घंटा होते. सर, मी ती फेरी मोजत बसलो. तीन मिनिटांत मी एकही जॅब मारलेला नाही. एकही नाही. ज्या हातावर मी 16 लढती जिंकलो, तो हात कमरेशी लोंबतोय आणि माझा मला पत्ता नाही. आणि पापण्या. सारख्या मिटतायत, उघडतायत, डोळ्यांत वाळू गेल्यासारख्या. प्रेक्षकांना एवढ्या लांबून ते दिसणं शक्यच नव्हतं. तुम्हाला दिसलं.

जेराल्ड मॅक्लेलनची गोष्ट तुम्हीच मला पहिल्या वर्षी सांगितली होती. मिडलवेटचा जगज्जेता. 25 फेब्रुवारी 1995 ला लंडनमध्ये, वरच्या वजनगटात, नायजेल बेनशी लढला. पहिल्याच फेरीत त्याने बेनला दोरांबाहेर पाडलं. मग फेऱ्या सरत गेल्या तसा तो पापण्यांची उघडझाप करू लागला, माउथगार्ड ओठांबाहेर लोंबू लागला. दहाव्या फेरीत गुडघा टेकला आणि रेफ्रीचे आकडे पूर्ण झाले. मेंदूवर साचलेलं रक्त काढायला ऑपरेशन करावं लागलं. जीव वाचला, दृष्टी गेली. वय होतं 27. तुम्ही ही गोष्ट सांगत होतात तेव्हा माझं लक्ष माझ्या नव्या बुटांकडे होतं.

माझ्या स्कॅनमध्ये कवटीच्या आत रक्ताची एक बारीक रेघ दिसली. डॉक्टरांनी समजावलं होतं, की ठोशाने डोकं झटकन वळतं, मेंदू आत हिसका खातो आणि त्याच्यावरच्या बारीक शिरा तुटतात. आणखी ठोसे बसले असते तर ती रेघ रेघ राहिली असती का, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. ऑपरेशन लागलं नाही. लायसन्स मात्र गेलं ते गेलंच. राग धरायला मला तेवढं पुरलं.

आज एक गोष्ट कबूल करतो, जी तुम्हाला कधी सांगितली नाही. मिडलवेटची मर्यादा 160 पौंड, म्हणजे साडेबाहत्तर किलोच्या आसपास. तुम्ही माझं वजन नेहमी आठ आठवडे आधीपासून, हळूहळू उतरवायचात. त्या वेळी मी मधे तुमच्या मागे भरपूर खाल्लं आणि शेवटचे दोन दिवस पाणी तोडून काटा गाठला. वजनानंतर पोटभर पाणी प्यायलो, पण एका दिवसात शरीर भरून येत नाही. पाणी तुटलेल्या शरीराने डोक्यावर मार घेणं किती वाईट, हे तुम्ही शंभरदा सांगितलं होतं. म्हणजे त्या रात्री तुम्ही माझी चूक माहीत नसतानाही तिच्यातून मला बाहेर काढलंत.

मी तुमच्यावर मिडलवेटचा जगज्जेता मार्विन हॅग्लरचं उदाहरण फेकलं होतं, आठवतं? 15 एप्रिल 1985, थॉमस हर्न्सविरुद्धची लढत. कपाळ फाटलेलं, चेहरा रक्ताने माखलेला, तिसऱ्या फेरीत रेफ्रीने लढत थांबवून डॉक्टरांना जखम दाखवली, डॉक्टरांनी लढू दिलं आणि त्याच फेरीत हॅग्लरने हर्न्सला संपवलं. "त्याला कुणी थांबवलं नाही," असं मी ओरडलो होतो. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ती जखम बाहेर होती." बस, एवढंच. पुढे एक शब्द नाही.

माझ्या खोलीत हॅग्लरचं चित्र होतं, पण मी त्याचा अर्धाच भाग घेतला होता. 1987 मध्ये तो शुगर रे लेनर्डकडून विभागलेल्या निकालावर, म्हणजे तीन पंचांपैकी दोघांच्या मतावर, हरला. आपणच जिंकलो हे त्याने कधी सोडलं नाही, पण 32 व्या वर्षी रिंगबाहेर पडला तो परत फिरला नाही. 67 लढती, 62 विजय. आणि अमेरिकेतल्या ब्रॉकटन गावात त्याला घडवणारे पेट्रोनेली बंधू त्याच्या कॉर्नरमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत होते. मी माझ्या माणसाला शेवटच्या रात्री सोडलं.

तुम्ही त्या लढतीचा तुमचा दहा टक्के वाटा घेतला नव्हता. माझ्या तपासण्यांचं बिल परस्पर भरलंत, हे मला दोन वर्षांनी दुसऱ्याकडून कळलं. तरीही मी फोन केला नाही. याची मला लाज वाटते.

सर, मनापासून आभार. लढत थांबवल्याबद्दल, आणि त्याआधीच्या 20 लढतींबद्दलही. प्रत्येक वेळी माझ्या हातांना पट्टी बांधताना तुम्ही अंगठ्यापाशी एक वेढा जास्त द्यायचात, कारण तो लहानपणी मोडला होता, हे माझ्या आईनंतर फक्त तुमच्या लक्षात होतं.

आता मीही मुलांना शिकवतो. परवा एकाचं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, चौथ्या फेरीत थांबवलं. त्याच्या पापण्या मला आवडल्या नाहीत. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही, महिनाभर स्पारिंग बंद ठेवलंय. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. पोराचा डावा हूक फार सुंदर आहे, फक्त मारताना उजवा गार्ड खाली येतो, आणि ते मला काही केल्या दुरुस्त होत नाहीये. येऊन एकदा बघाल का? तुम्ही म्हणाल त्या दिवशी न्यायला येतो.

तुमचा विद्यार्थी