काकाजी, तुमच्या दाभणासाठी

काकाजी, सादर नमस्कार.

उद्या दुपारी आमची बोट स्पेनच्या कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून सुटते. वणीत तेव्हा दिवेलागण झालेली असेल, तुम्ही दुकानाचं शटर ओढत असाल. इथून अटलांटिकपलीकडचं कॅरिबियन बेट सेंट लुशिया २,७०० सागरी मैल, म्हणजे पाच हजार किलोमीटर. मध्ये नुसतं पाणी. अटलांटिक रॅली फॉर क्रूझर्स हे या सफरीचं नाव, १९८६ साली ती सुरू झाली. शाळेत पाठ केलेले ते ईशान्य व्यापारी वारे पाठीशी घेऊन दर नोव्हेंबरात शिडाच्या बोटी इथून निघतात, अडीच-तीन आठवड्यांनी पलीकडे पोचतात.

आम्ही सहा जण आहोत. बाकीचे पाच समुद्राकाठीच वाढले. मी समुद्र पाहिला तो एकविसाव्या वर्षी. तरी या बोटीवर मला जागा मिळाली, ती शिवणामुळे. हे सगळ्यांसमोर सांगायचं होतं म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे.

दहावीच्या सुट्टीत वावधनात आमची ताडपत्री फाटली. घरातला कापूस अजून विकला नव्हता, बाबांच्या खिशात शिलाईपुरतेही पैसे नव्हते. तुम्ही म्हणालात, "पैसे राहू दे गा. पोरीले बसव माह्याजवळ, तिच्या हातूनच शिवून घेतो." पोरगी भर बाजारात दाभण घेऊन बसते म्हणून लोक बोलले, तेव्हा त्यांना गप्प तुम्हीच केलंत. तळहाताला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधून दिलात, दोऱ्याला मेण कसं ओढायचं ते दाखवलंत. "फाटलं तेवढंच नोको शिवू. चार बोटं आंधीपासून धर, चार बोटं पुढं जा. अन् ठिगयाचे कोपरे गोल काप, टोक राहिलं का वारा तिथूनच उचकटते."

जिब्राल्टरहून इकडे येताना तिसऱ्या रात्री मोठं शीड फाटलं. वारा मागून असला की शीड डोलकाठीच्या तारांना सारखं घासत राहतं, आणि घासून घासून कापड विरतं. हातभर चीर होती. कप्तानाने विचारलं, कोणाला शिवता येतं? मी केबिनमध्ये खाली बसले. बोट हलत होती, डोक्यावरच्या दिव्याचा उजेड नाचत होता. इथे तळहाताला चामड्याचा पट्टा बांधतात, दाभण रेटायला त्यात लोखंडी खळगा असतो. कामाची रीत मात्र तुमचीच. ठिगळाचे कोपरे गोल कापले, चार बोटं अलीकडून सुरुवात केली. पहाटे शीड परत चढलं. इथे पोचेपर्यंत त्यातला एक टाका हलला नाही. त्यानंतर कप्तानाने शिडांची सगळी जबाबदारी माझ्याकडे दिली.

काकाजी, त्या दोन महिन्यांत तुम्ही मला जे दिलंत ते मला दुसऱ्या कोणीच दिलं नसतं. मनापासून आभार.

तुमचं दाभण सोबत आहे. खाऱ्या हवेत लगेच गंज धरतो, म्हणून तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवते आणि रोज पुसते.

यंदाची आमची ताडपत्रीही तुमच्याकडेच आली आहे, असं बाबा म्हणाले. त्यांच्यापाशी थोडे जास्त पैसे पाठवलेत. परत करू नका. त्या उन्हाळ्याची शिलाई बाकी होती.

तुमची पोरगी